‘आश्रित’ कोणास म्हणावे? : अमेरिकी प्राप्तिकर कायद्यातील कमावत्या अपत्याचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

लोकव्यवहारातील शब्द कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला म्हणजे त्याचा उच्चार पूर्वीचाच राहतो, अर्थ मात्र पुष्कळदा बदललेला असतो. आणि हा बदल कानाला जाणवत नसल्यामुळे तो अनर्थास कारण होतो. प्रस्तुत लेखात अशा एकाच संज्ञेचा विचार करावयाचा आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या प्राप्तिकर कायद्यात ‘डिपेंडंट’ ही संज्ञा आहे. तिला येथे ‘आश्रित’ हा प्रतिशब्द योजला आहे. करदात्याला आपल्या आश्रितांमागे काही सवलती मिळतात. आता प्रश्न असा की, घरातील मुलगा अथवा मुलगी स्वतः काम करून पैसे मिळवू लागली, तर तिला आईबापांच्या विवरणपत्रात आश्रित म्हणून दाखविता येते काय?

हा प्रश्न केवळ करसल्लागारांचा नव्हे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत तो दरवर्षी उद्भवतो. कारण महाविद्यालयात शिकत असताना ग्रंथालयात, प्रयोगशाळेत किंवा उपाहारगृहात काही तास काम करणे ही तेथील विद्यार्थिजीवनाची नित्याची गोष्ट आहे. अशा वेळी ‘मुलगी आता मिळवती झाली, तेव्हा ती आश्रित कशी?’ असा विचार करून आईबाप हक्काची सवलत सोडून देतात, अथवा मुलगीच ‘मी माझे मिळविते, मी कोणाची आश्रित नव्हे’ असे आपल्या विवरणपत्रात लिहून मोकळी होते. पहिल्या चुकीने पैसे जातात, दुसरीने दोन्ही विवरणपत्रांत विसंगती उत्पन्न होते. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे, आणि ते गणितात नसून शब्दार्थात आहे.

२. रूढ अर्थ

प्रथम शब्दाकडे पाहू. लॅटिनमधील ज्या क्रियापदापासून ‘डिपेंडंट’ हा शब्द आला, त्याचा अर्थ ‘खाली लोंबणे, लटकून असणे’ असा आहे. संस्कृतातील ‘अवलंबित’ हा शब्दही ‘लम्ब्’ म्हणजे लोंबणे या धातूला ‘अव’ हा उपसर्ग लागून झालेला आहे. दोन भाषांनी परस्परांपासून दूर राहून परावलंबनासाठी एकच रूपक निवडावे, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. ‘आश्रित’ शब्दातील ‘श्रि’ धातूचा रोख टेकण्याकडे, आसरा घेण्याकडे आहे. तर ‘पोष्य’ या जुन्या शब्दात ‘पुष्’ धातू असून त्याचा संबंध अन्नाशी, वाढविण्याशी येतो. लटकणे, टेकणे आणि पोसले जाणे अशा या तीन वेगवेगळ्या कल्पना आहेत. पुढे दिसून येईल की, अमेरिकी कायद्यातील आजचा अर्थ या तिहींपैकी ‘पोष्य’ या कल्पनेला सर्वांत जवळचा आहे.

मराठी व्यवहारात ‘कमावता’ आणि ‘आश्रित’ हे शब्द विरुद्धार्थी म्हणून वावरतात. मुलगा ‘हाताशी आला’, ‘आपल्या पायावर उभा राहिला’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याला पहिला पगार मिळाला एवढेच बहुधा अभिप्रेत असते. घरातील ‘खाणारी तोंडे’ आणि ‘मिळविणारे हात’ अशी विभागणी आपल्या मनात असते, आणि एकच व्यक्ती एकाच वेळी दोन्ही गटांत मोडू शकेल ही गोष्ट त्या विभागणीत बसत नाही. अमेरिकी कायद्याने नेमके हेच घडवून आणले आहे. तेथे कमाई व आश्रितत्व ही परस्परविरोधी लक्षणे नाहीत. मूल कमावते असूनही आश्रित असू शकते. परंतु कायदाही या स्थितीला एकदम पोहोचलेला नाही.

३. संज्ञेचा इतिहास

१९१७ च्या युद्धकालीन महसूल कायद्याने आश्रित अपत्यामागे २०० डॉलरांची वजावट प्रथम दिली. त्या वेळी व त्यानंतर बराच काळ वय आणि स्वतःचे पोट भरण्याची असमर्थता यांवर भर होता. अठरा वर्षांखालील मूल, किंवा शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारी व्यक्ती आश्रित समजली जाई. हा अर्थ लोकव्यवहारातील अर्थापासून फार दूर नव्हता.

१९४४ मध्ये ही व्याख्या बदलली. वयाची अट जाऊन तिच्या जागी दोन आर्थिक अटी आल्या: करदात्याने त्या व्यक्तीच्या पोषणाचा निम्म्याहून अधिक खर्च केलेला असावा, आणि त्या व्यक्तीचे स्वतःचे ढोबळ उत्पन्न ५०० डॉलरांच्या आत असावे. ही मर्यादा पुढे ६०० डॉलर झाली. व्याख्या सुटसुटीत झाली खरी, पण तिच्यातून एक विपरीत परिणाम निघाला. सुट्टीत काम करणाऱ्या विद्यार्थ्याची कमाई ६०० डॉलरांना जाऊन भिडली की, बापाची संपूर्ण वजावट नष्ट होई. एका डॉलरासाठी सबंध सवलत गमावण्यापेक्षा मुलाने काम थांबविणे फायद्याचे ठरे. कष्ट करणाऱ्या मुलाला कायदा जणू घरी बसण्याचा सल्ला देत होता.

न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही व्याख्या अव्याप्तीच्या दोषाने ग्रस्त होती. जी मुले वस्तुतः आईबापांच्या जिवावर शिकत होती, तीच तिच्या कक्षेबाहेर पडत होती. १९५४ च्या संहितेने हा दोष दूर केला. एकोणीस वर्षांखालील मुलाला, तसेच पूर्णवेळ विद्यार्थ्याला, उत्पन्नाची अट लागू नाही असे तिने ठरविले. कमाई आणि आश्रितत्व यांची फारकत कायद्यात प्रथम झाली ती येथे. विद्यार्थ्याला मात्र वयाची मर्यादाच राहिली नाही, म्हणजे अतिव्याप्तीचा दोष शिरला. तो १९८८ च्या दुरुस्तीने काढून विद्यार्थ्यासाठी चोवीस वर्षांखालील वयाची अट घालण्यात आली.

यापूर्वीच, १९८६ च्या करसुधारणेने, पाच वर्षांवरील आश्रितांचे सामाजिक सुरक्षा क्रमांक विवरणपत्रात लिहिणे आवश्यक केले होते. त्यानंतर देशभरच्या विवरणपत्रांतून सुमारे सत्तर लाख आश्रित एकाएकी नाहीसे झाले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. शेवटी २००४ च्या कायद्याने कायद्यात विखुरलेल्या ‘अपत्य’ या शब्दाच्या निरनिराळ्या व्याख्या एकत्र आणून एक समान व्याख्या केली. ती २००५ च्या करवर्षापासून लागू झाली, आणि तिच्या चौकटीत आजही निर्णय होतात.

४. ‘पात्र अपत्य’ : पाच कसोट्या

या व्याख्येनुसार आश्रित दोन प्रकारचे असतात: ‘पात्र अपत्य’ आणि ‘पात्र नातलग’. कमावत्या मुलाचा प्रश्न मुख्यतः पहिल्या प्रकारात येतो. पात्र अपत्य ठरण्यासाठी पाच कसोट्या आहेत.

पहिली नात्याची. औरस वा दत्तक मूल, सावत्र मूल, पालनासाठी अधिकृतपणे सोपविलेले मूल, भाऊ, बहीण आणि यांचे वंशज या कसोटीस उतरतात. नातू व भाचा हेही कायद्याच्या दृष्टीने ‘अपत्य’ होऊ शकतात. येथेच शब्दाचा रूढ अर्थ मागे पडतो.

दुसरी वयाची. करवर्षाच्या अखेरीस मूल एकोणीस वर्षांखाली असावे, किंवा पूर्णवेळ विद्यार्थी असून चोवीस वर्षांखाली असावे. शिवाय ते करदात्याहून, अथवा संयुक्त विवरणपत्र असल्यास पतिपत्नींपैकी एकाहून तरी, वयाने लहान असावे. कायमचे व पूर्ण अपंगत्व असल्यास वयाची अट नाही. वर्षातील कोणत्याही पाच महिन्यांच्या काही भागात पूर्णवेळ शिक्षण घेतले असले की पुरे होते, आणि हे महिने सलग असण्याची गरज नाही. ज्या मुलीला ३१ डिसेंबर रोजी चोवीस वर्षे पूर्ण होतात, ती मात्र त्या सबंध वर्षासाठी या कसोटीतून बाद होते.

तिसरी निवासाची. मुलाने वर्षाच्या निम्म्याहून अधिक काळ करदात्याबरोबर राहिलेले असावे. परंतु शिक्षणासाठी वसतिगृहात राहणे ही तात्पुरती अनुपस्थिती समजली जाते, आणि तो काळ घरीच घालविला असे मानले जाते. हा ‘मानण्याचा’ व्यापार म्हणजे कायद्यातील कल्पितार्थ होय. वस्तुस्थितीचे विधान तो करीत नाही, ती कशी धरावी याची आज्ञा देतो.

चौथी पोषणखर्चाची. मुलाने स्वतःच्या पोषणाचा निम्म्याहून अधिक खर्च स्वतः केलेला नसावा.

पाचवी संयुक्त विवरणपत्राची. मूल विवाहित असल्यास त्याने जोडीदाराबरोबर संयुक्त विवरणपत्र भरलेले नसावे; केवळ कापलेला कर परत मिळविण्यासाठी भरले असेल तर मात्र हरकत नाही.

याखेरीज सर्वच आश्रितांना लागू अशा काही अटी आहेत. त्यांपैकी नागरिकत्व वा निवासाची अट पुढे येईल. एकाच मुलावर दोघांचा दावा आला, तर आईबापांपैकी कोणी असल्यास त्याला अग्रक्रम मिळतो. विभक्त आईबापांत मूल ज्याच्याकडे अधिक काळ राहिले त्याला, आणि काळ समान असल्यास ज्याचे उत्पन्न अधिक त्याला.

या पाच कसोट्यांत मुलाच्या उत्पन्नाचा उल्लेख कोठेही नाही. मुलाने किती मिळविले हे कायदा विचारीतच नाही. मिळविल्यापैकी स्वतःवर किती खर्च केले एवढेच विचारतो.

५. ‘मिळविणे’ आणि ‘पोसणे’

एका काल्पनिक उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. वीस वर्षांची एक मुलगी पूर्णवेळ शिकते. २०२५ साली तिने विद्यापीठात व सुट्टीत काम करून १५,००० डॉलर मिळविले. तिच्या वर्षभराच्या पोषणाचा हिशेब असा: शुल्क ७,००० डॉलर, वसतिगृह व भोजन ६,५०० डॉलर, सुट्टीत घरी राहिली त्या काळातील अन्न आणि खोलीचे बाजारभावाने होणारे भाडे मिळून ३,००० डॉलर, कपडे, औषधोपचार, प्रवास इत्यादी ३,५०० डॉलर. एकूण २०,००० डॉलर झाले. त्याचे निम्मे १०,०००.

मुलीने आपल्या कमाईतून ७,००० डॉलर या खर्चात घातले आणि ८,००० डॉलर बँकेत ठेवले. तिने स्वतःच्या पोषणाचा वाटा निम्म्याहून कमी उचलला असल्यामुळे ती आश्रित आहे. बँकेत पडून राहिलेला पैसा कितीही असला, तरी तो तिच्या पोषणाला लागलेला नाही. सबब तो हिशेबात येत नाही. उलट, तिने ११,००० डॉलर स्वतःवर खर्च केले असते, तर उत्पन्न तेवढेच असूनही ती आश्रित राहिली नसती.

येथे तीन बारकावे ध्यानात ठेवले पाहिजेत. एक, पूर्णवेळ विद्यार्थ्याला मिळालेली शिष्यवृत्ती ही त्याने स्वतः उचललेला भार म्हणून धरली जात नाही. दोन, शैक्षणिक कर्ज मुलीने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या जबाबदारीवर काढले असेल, तर त्यातून केलेला खर्च तिच्याच पारड्यात पडतो. वरील उदाहरणात तिने ७,००० डॉलरांखेरीज ५,००० डॉलरांचे कर्ज काढून शुल्कात घातले असते, तर तिचा वाटा १२,००० डॉलर होऊन निर्णय फिरला असता. तीन, आईबापांच्या घरातील खोलीचे भाडे कोणी देत नसले तरी ते पोषणखर्चात धरावयाचे असते, आणि ते आईबापांच्या पारड्यात पडते.

कमाईवर कर कोणी द्यावयाचा हा प्रश्न याहून स्वतंत्र आहे. मुलाच्या श्रमाचा मोबदला हे मुलाचेच उत्पन्न होय, मग तो प्रत्यक्षात आईबापांच्या हाती पडलेला असला तरीही, असे अमेरिकी संहितेचे ७३ वे कलम सांगते. त्यामुळे आश्रित मुलगी आपले स्वतंत्र विवरणपत्र भरू शकते, आणि तसे भरल्याने तिचे आश्रितत्व जात नाही. आश्रिताला मिळणारी प्रमाण वजावट २०२५ साली श्रमार्जित उत्पन्न अधिक ४५० डॉलर, किमान १,३५० आणि अविवाहिताला कमाल १५,७५० डॉलर, अशी होती. आपल्या उदाहरणातील मुलीला १५,४५० डॉलरांची वजावट मिळून कर शून्य होतो. पगारातून कर कापला गेला असल्यास तो परत मागण्यासाठी तिने विवरणपत्र भरणे इष्टच ठरते. व्याज, लाभांश इत्यादी अश्रमार्जित उत्पन्नाची गोष्ट मात्र निराळी. आईबापांनी आपली मालमत्ता मुलांच्या नावे करून कर वाचवू नये, म्हणून १९८६ पासून अशा उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेवरील भागावर आईबापांच्या दराने कर आकारला जातो.

६. निषेधाचे स्थान

चौथ्या कसोटीची वाक्यरचना पुन्हा पाहण्यासारखी आहे. २००४ पूर्वीची अट विधिरूप होती, आणि तिचा कर्ता करदाता होता: ‘करदात्याने निम्म्याहून अधिक खर्च केला असावा.’ २००४ नंतर पात्र अपत्यासाठी ती निषेधरूप झाली, आणि तिचा कर्ता मूल झाले: ‘मुलाने निम्म्याहून अधिक खर्च स्वतः केलेला नसावा.’ वरवर पाहता ही दोन वाक्ये एकाच गोष्टीच्या दोन बाजू वाटतात. वस्तुतः तशी ती नाहीत.

समजा, एकूण पोषणखर्चापैकी मुलाने ३० टक्के, आईने ३० टक्के आणि दूर राहणाऱ्या आजोबांनी ४० टक्के केला. पहिल्या वाक्याप्रमाणे मूल आईचे आश्रित नाही, कारण तिचा वाटा निम्म्याहून कमी आहे. दुसऱ्या वाक्याप्रमाणे, ते आईजवळ राहत असल्यास, ते तिचे आश्रित आहे. कारण त्याचा स्वतःचा वाटा निम्म्याच्या वर गेलेला नाही. दोन वाक्ये समानार्थी ठरली असती, जर खर्च करणारे दोनच पक्ष असते. तिसरा पक्ष येताच त्यांच्यामध्ये मोकळी जागा निर्माण होते. शिवाय मुलाने नेमका निम्मा खर्च उचलला, तरी दुसरे वाक्य खरेच राहते. ‘अर्ध्याहून अधिक नाही’ आणि ‘अर्ध्याहून कमी’ हे एक नव्हे, हे विद्यार्थ्यांना तर्काच्या वर्गात शिकविले जाते. येथे त्यावर एका कुटुंबाची सवलत अवलंबून राहते.

७. अनुज्ञेय आणि अनुज्ञात

मुलगी स्वतःचे विवरणपत्र भरू लागते तेव्हा तिच्यापुढे एक प्रश्न येतो. तो ‘तुम्हांला कोणी आश्रित म्हणून दाखविले आहे काय?’ असा नसून ‘तुम्हांला कोणी आश्रित म्हणून दाखवू शकते काय?’ असा आहे. पहिला प्रश्न घटनेविषयी आहे, दुसरा शक्यतेविषयी. आईबापांनी प्रत्यक्षात तिला दाखविले नसले, तरी दाखविता येण्याजोगी परिस्थिती असल्यास उत्तर होकारार्थीच द्यावे लागते. घाईत वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या नजरेतून हे शक्यार्थक क्रियापद निसटते आणि तो नकार लिहितो. त्याचे विवरणपत्र आधी दाखल झाले असेल, तर त्याच क्रमांकासह नंतर आलेले आईबापांचे इलेक्ट्रॉनिक विवरणपत्र सामान्यतः परत येते. त्यावर उपाय म्हणजे मुलाने दुरुस्त विवरणपत्र दाखल करणे; पण त्यात वेळ मोडतो आणि मनस्ताप होतो.

कायद्याच्या मूळ शब्दांतही हा भेद कटाक्षाने पाळलेला आहे. आश्रिताच्या मर्यादित प्रमाण वजावटीचे कलम बोलते ते दुसऱ्या करदात्याला वजावट ‘अलाउएबल’ असण्याविषयी. उच्च शिक्षणाच्या करसवलतीचे कलम बोलते ते ती ‘अलाउड’ झाल्याविषयी. संस्कृत कृदन्तांच्या आधारे आपण यांना अनुक्रमे ‘अनुज्ञेय’ आणि ‘अनुज्ञात’ म्हणू शकतो. एकात यत् प्रत्ययाची योग्यता आहे, दुसऱ्यात क्त प्रत्ययाची निष्पन्नता. परिणाम असा की, आईबापांनी मुलीवरील दावा सोडून दिला, तरी तिची प्रमाण वजावट मर्यादितच राहते. शिक्षणाची सवलत मात्र अशा स्थितीत तिच्याकडे जाऊ शकते. या दोन शब्दांना मराठीत ‘मंजूर’ असा एकच प्रतिशब्द दिला, तर कायद्यातील हा सगळा विचार भाषांतरात गळून जाईल.

आणखी एक विलक्षण गोष्ट या ओघात सांगितली पाहिजे. आश्रितांमागे मिळणारी मूळ वजावट २०१७ च्या कायद्याने २०१८ पासून शून्यावर आणली, आणि २०२५ च्या कायद्याने ते शून्य कायम केले. तथापि ही वजावट रद्द करण्यात आली नाही. रक्कम शून्य असली, तरी इतर कलमांच्या दृष्टीने वजावट मिळते असेच समजावे, असे कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. व्याकरणाच्या अभ्यासकाला येथे पाणिनीच्या लोपकल्पनेची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. प्रत्यय लुप्त झाला तरी त्याचे कार्य शिल्लक राहते. तसे येथे वजावटीची रक्कम लोपली, पण तिच्यावर आधारलेली आश्रितत्वाची सर्व कार्ये चालू राहिली.

या शून्याने एक पेचही उभा केला होता. ‘पात्र नातलग’ या दुसऱ्या प्रकारात त्या व्यक्तीचे ढोबळ उत्पन्न वजावटीच्या रकमेहून कमी असावे, अशी अट आहे. रक्कमच शून्य झाली, तर उत्पन्न शून्याहून कमी असले पाहिजे असा अर्थ निघून एकही नातलग पात्र ठरला नसता. महसूल खात्याने २०१८ साली सूचना काढून त्या वर्षी ही मर्यादा ४,१५० डॉलर धरावी असे स्पष्ट केले. पुढे ती महागाईनुसार वाढत जाऊन २०२५ साली ५,२०० डॉलर झाली.

८. पात्र नातलग आणि दूरचे आप्त

वयाच्या कसोटीतून बाहेर पडलेले मूल या दुसऱ्या प्रकारात तपासले जाते. पंचवीस वर्षांचा संशोधक विद्यार्थी घरी राहत असेल, आणि त्याचा निम्म्याहून अधिक खर्च आईबाप करीत असतील, तरी त्याचे ढोबळ उत्पन्न त्या वर्षीच्या मर्यादेखाली असेल तरच तो आश्रित ठरतो. म्हणजे १९५४ पूर्वीची जुनी अट येथे अजून जिवंत आहे. चोवीस वर्षांखालील विद्यार्थ्याला कमाईची मुभा, आणि त्यावरील व्यक्तीला ती नाही, ही रेषा व्याख्येने ओढलेली आहे. निसर्गात ती कोठे सापडावयाची नाही.

मराठी कुटुंबांच्या दृष्टीने एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. अमेरिकेत नोकरी करणारा मुलगा पुण्यात किंवा साताऱ्यात राहणाऱ्या आईवडिलांना दरमहा पैसे पाठवितो, आणि त्यांचा सर्व चरितार्थ त्यावरच चालतो. तरीही ते त्याचे आश्रित ठरत नाहीत. आश्रित व्यक्ती अमेरिकेची नागरिक, राष्ट्रिक वा करदृष्ट्या निवासी, अथवा कॅनडा किंवा मेक्सिको यांची रहिवासी असली पाहिजे, अशी अट आहे. आपल्या भाषेतील ‘आश्रित’ शब्दाचा जो गाभा, म्हातारपणी मुलाच्या आधाराने जगणारे मायबाप, तोच या संज्ञेबाहेर राहतो. आणि १५,००० डॉलर मिळविणारी मुलगी तिच्या आत येते.

९. दोन कायद्यांच्या दोन दृष्टी

भारतीय कायद्याशी थोडी तुलना उपयुक्त होईल. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध आईबाप व अविवाहित मुलगी यांच्या निर्वाहाचे कर्तव्य सांगताना, ती व्यक्ती स्वतःच्या कमाईतून वा मालमत्तेतून निर्वाह करण्यास असमर्थ असेल त्या प्रमाणात, अशी मर्यादा घातली. तेथे कसोटी सामर्थ्याची आहे. अमेरिकी करकायद्यात ती प्रत्यक्ष खर्चाची आहे. मुलीला स्वतःचा भार उचलता आला असता की नाही, हे तो पाहत नाही. १९६१ च्या भारतीय प्राप्तिकर कायद्यात १९९२ साली जी तरतूद घालण्यात आली, तिचा प्रश्नच वेगळा होता. अज्ञान मुलाचे उत्पन्न आईबापांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक त्याच्या उत्पन्नात मिळवावे, परंतु मुलाने अंगमेहनतीने अथवा स्वतःच्या कौशल्याने, बुद्धीने वा विशेष ज्ञानाने मिळविलेले उत्पन्न त्यातून वगळावे, असे तिने ठरविले. ‘मुलाचे उत्पन्न कोणाचे?’ असे भारतीय तरतूद विचारते. ‘मुलाचे पोषण कोणाचे?’ असे अमेरिकी तरतूद विचारते. मुलाच्या श्रमाचे फळ मुलाचेच, या एका गोष्टीवर मात्र दोघांचे एकमत दिसते.

१०. उपसंहार

या संज्ञेवर व्यवहारात किती अवलंबून आहे, हे शेवटी सांगितले पाहिजे. २०२५ च्या करवर्षात सतरा वर्षांखालील पात्र अपत्यामागे, मुलाला सामाजिक सुरक्षा क्रमांक असल्यास, करातून थेट वजा होणारी २,२०० डॉलरांपर्यंतची सूट होती. त्याहून मोठ्या वा अन्य आश्रितांमागे ती ५०० डॉलरांपर्यंत होती. आपल्या उदाहरणातील आईबाप उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असल्यास त्यांना मुलीच्या शिक्षणासाठी पदवीच्या पहिल्या चार वर्षांत वर्षाला २,५०० डॉलरांपर्यंतची आणखी सूट मिळू शकते. म्हणजे ‘मिळवती मुलगी आश्रित कशी?’ या एका समजुतीपायी मध्यम उत्पन्नाचे कुटुंब एका वर्षात ३,००० डॉलरांस मुकू शकते.

म्हणून निर्णय करताना प्रश्नांचा क्रम असा ठेवावा. वर्षाअखेरीस मुलाचे वय किती होते? ते पूर्णवेळ विद्यार्थी होते काय? शिक्षणासाठीची अनुपस्थिती धरून ते घरी राहिले काय? त्याच्या पोषणाला एकूण किती लागले, आणि त्यात त्याच्या स्वतःच्या पैशाचा, कर्ज धरून, वाटा किती? ‘त्याने किती मिळविले?’ हा प्रश्न पहिल्या चारांची उत्तरे मिळाल्यानंतर, आणि तोही त्याच्या स्वतःच्या विवरणपत्रापुरता, विचारावयाचा आहे.

मराठीत कायद्याची परिभाषा घडविणाऱ्यांनीही यातून बोध घ्यावा. ‘डिपेंडंट’ला ‘आश्रित’ म्हणावे की ‘अवलंबित’ हा वाद गौण आहे. कोणताही प्रतिशब्द रूढ अर्थाचा भार घेऊनच येणार. परिभाषाकोशात प्रतिशब्दासमोर त्या संज्ञेच्या अटी संक्षेपाने देण्याची प्रथा पडली, तर आपल्या भाषेतून कायदा वाचणाऱ्याला तो भार बाजूस ठेवून वाचता येईल.